ओट्यावरचे प्रश्न : ट्रंकेतले चिलगोजे

दिवाळीच्या अंकात अनारशांवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की आमच्या घरी फराळाच्या ताटातलं सगळ्यात आधी काय संपत असेल तर चिलगोजे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की अनारसे बिचारे बाजूलाच राहिले. म्हणून या महिन्याचा अख्खा ओटा चिलगोज्यांना दिला.

ज्यांनी पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हिमालयातल्या कोरड्या डोंगरउतारांवर पाइनची एक जात होते, तिच्या शंकूतली ही बी. लांबीला दोन-सव्वादोन सेंटिमीटर, एका टोकाला निमुळती, रंगाने खारकेच्या बीसारखी तपकिरी. वरचं साल पातळ पण चिवट, आत पांढरा गर. आपल्याकडे येतात ते हिमाचलातल्या किन्नौरहून, नाहीतर अफगाणिस्तानातून. किन्नौरमध्ये यालाच न्योजा म्हणतात. फारसीत ‘चेहेल’ म्हणजे चाळीस, एका शंकूत चाळीस बिया म्हणून चिलगोजा, असंही नावाचं मूळ सांगतात. मी कधी मोजल्या नाहीत. पाकिटात सोललेले, बुटके, पांढरे ‘पाइन नट’ मिळतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच पाइनचे असतात. त्यांच्याबद्दल खाली एक पत्र आहे.

माझा मुलगा फौजेत आहे, सध्या किन्नौरला. सुट्टीवर येताना किलोभर चिलगोजे घेऊन आला, सालासकट. दोन-चार दातांनी फोडून बघितले तर गराचा चुरा झाला आणि साल तोंडात आलं. हे कच्चे आहेत की भाजलेले तेच कळत नाही. सोलायचे कसे, काकू?
— एक आई, कराड

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. “आपलीच गोष्ट आहे की,” म्हणाले. सातारा जिल्ह्यात त्याचं नवल नाही म्हणा. इथे घरटी एक माणूस फौजेत, आणि अपशिंग्याच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलेलं.

१९८६ साली हे किन्नौरमध्ये पूहच्या बाजूला होते. सुट्टी मिळाली की आधी डोंगरातली बस, मग दिल्लीहून झेलम एक्सप्रेस, पुण्याहून एसटी, असं करत चौथ्या दिवशी घरी. काळी लोखंडी ट्रंक उघडली. वर कपडे, मधे माझ्यासाठी किन्नौरी शाल, आणि तळाला जुन्या लोकरी मोज्यांत गच्च भरलेले चिलगोजे. मोजे धुतलेले होते असं हे आजही शपथेवर सांगतात. सासूबाईंनी मूठभर हातात घेतले, वास घेतला, “कुठल्या झाडाच्या बिया उचलून आणल्यास रे,” म्हणाल्या आणि सरळ खलबत्त्यात घालून चार ठोके दिले. साल आणि गर यांचा असा काही काला झाला की आम्ही दोघी सासवा-सुना रात्री दिवे जाईपर्यंत ताटात बोटं फिरवत निवडत बसलो. हाती आला अर्धी वाटी चुरा. हे कोपऱ्यात बसून हसत होते.

तेव्हा ठोकायचं नाही, हे पहिलं. चिलगोज्याचं साल अक्रोडासारखं टणक नसतं, त्याला जोर लावायची गरजच नाही. तुमच्या दातांचं तेच झालं. दाढेखाली धरून चावला की साल आणि गर एकदमच चिरडतात.

आता कच्चे की भाजलेले. एक बी घ्या आणि अंगठ्याच्या नखाने मधोमध दाबा. साल किंचित दबलं पण तुटलं नाही, चामड्यासारखं वाटलं, तर कच्चा. कटकन तडा गेला तर भाजलेला. दुसरी खूण कानाची. दहा-बारा बिया मुठीत घेऊन कानाजवळ हलवा. कच्च्यांचा आवाज भरीव येतो, कारण गर सालाला धरून असतो. भाजलेले हलके खुळखुळतात. गर बघायचा झाला तर कच्चा दुधासारखा पांढरा, मऊ, जिभेवर थोडी राळ लागते. भाजलेला हस्तिदंती. मला वाटतं तुमचे कच्चे आहेत. तिकडून घरचे म्हणून आणलेले सहसा कच्चेच असतात. ते आधी भाजून घ्या (खालचं उत्तर वाचा), मग सोला. कच्चे सोलणं म्हणजे संध्याकाळ वाया.

सोलायला आमच्या घरी अडकित्ता. तुमच्याकडेही पानाच्या डब्यात पडलेला असेल. बी डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, निमुळतं टोक अडकित्त्याकडे. टोकाचा तांदळाएवढाच भाग पात्याखाली घ्यायचा आणि सुपारीसारखं कातरायचं नाही, नुसतं टेकवून दाबायचं. ‘टक्’ असा बारीक आवाज आला की थांबा. पातं मिटू द्यायचं नाही. त्या तड्यात नख घाला, साल उभं उकलतं, शेंगेचं उकलतं तसं. आत गराला चिकटून पातळ तपकिरी पापुद्रा असतो, तो दोन बोटांत चोळला की निघतो, आणि नाही निघाला तरी खा. पहिल्या दहा-पंधरा बिया मोडतील. त्या मोडलेल्या सोलणाऱ्याने खायच्या, असा आमच्याकडे कायदा आहे.

माझी नात अडकित्त्याला घाबरते. ती नवं कोरं नेलकटर घेऊन बसते, ते स्वयंपाकघरातच ठेवलंय, नखांना लावायचं नाही अशी ताकीद देऊन. खरं सांगू? तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे. पाहुणे यायचेत आणि बरेच सोलायचेत, तर पंचाच्या घडीत एकाच थरात पसरा आणि वरून लाटणं एकदा, फुलका लाटतो तेवढ्याच हाताने फिरवा. निम्म्यांना तडा जातो. उरलेल्यांसाठी परत तेच करू नका, पहिल्यांचा भुगा होईल. ते वेगळे काढा.

आणि भाजायच्या आधी एकदा सुपात घेऊन पाखडा. पोचट बिया उडून पुढे येतात. अशी बी फोडली की आत नुसता काळा पापुद्रा निघतो, आणि एवढ्या महाग वस्तूत तो निघाला की जीव चरफडतो. हाताला राळ चिकटली तर साबण घासत बसू नका. आधी खोबरेल चोळा, राळ तेलात सुटते, मग साबण.

मुलाला विचारा, तिकडे माळ बघितली का म्हणून. किन्नौरात लग्नाला, पाहुण्यांच्या स्वागताला चिलगोजे ओवून माळा करतात. यांच्या गळ्यात एकदा अशी माळ पडली होती. ती घरी पोचेपर्यंत दोराच उरला.

मी कढईत चिलगोजे भाजले. बाहेरून काहीच फरक दिसेना म्हणून भाजत राहिले, आणि फोडले तर आतून काळपट, कडू. कोणी वाळूत भाजा म्हणतं, कोणी मायक्रोवेव्हमध्ये. नक्की काय करावं?
— एक वाचिका, मिरज

फोडून न बघता वाट बघितलीत, तिथे घात झाला. साल मुळातच तपकिरी, ते काय रंग बदलून सांगणार? आणि गरात जवळपास निम्मं वजन तेलाचं. ते तेल एकदा तापलं की गॅस बंद केल्यावरही आतल्या आत भाजतच राहतं. म्हणून चिलगोजे ‘झाले’ असं वाटायच्या थोडं आधीच उतरवायचे.

तुम्ही मिरजेच्या, म्हणजे वाळूतलं भाजणं तुम्हाला मी सांगायला नको. माझं माहेर सांगलीचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चुरमुऱ्या-फुटाण्यांची भट्टी होती. शाळेतून येताना मी तिथे दप्तर खांद्याला लावून उभी राहायची. मोठी काळी कढई, तिच्यात वाळू, खाली भुसा धगधगतोय. भट्टीवाल्या मावशी वाळूवर दोन बोटं पाण्याची शिंपडायच्या. चर्र झालं की हरभरे आत. झाऱ्याने तीन-चार वेळा खालवर, तोवर तडतड सुरू, की लगेच मोठ्या चाळणीत उपसा. वाळू खाली, फुटाणे वर. सगळा खेळ मिनिटभराचा. दाण्याला सगळ्या बाजूंनी सारखी धग लागते, एका जागी डाग पडत नाही, हे त्या वाळूचं काम. आपलं सांगलीचं भडंग कुरकुरीत लागतं त्यातला अर्धा मान मसाल्याचा, आणि अर्धा त्या भट्टीवर भाजलेल्या चुरमुऱ्याचा.

घरी वाळू नको, धुऊन चाळून दमाल आणि एखादा खडा दाताखाली यायचाच. वाळूऐवजी जाडं मीठ घ्या. लोखंडी कढईत दोन वाट्या खडेमीठ, मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं नुसतंच तापवा, मधूनमधून हलवत. हात वर धरला की धग जाणवली पाहिजे. मग आच मंद करून एक वाटी चिलगोजे आत टाका आणि उलथन्याने सतत खालवर करा. तिसऱ्या मिनिटापासून दर अर्ध्या मिनिटाला एक बी बाहेर काढा, फुंकर मारा, फोडा, बघा. गर दुधी रंग सोडून सायीच्या रंगावर आला की बस. बदामी होईपर्यंत थांबलात तर ताटात गेल्यावर काळा होईल. माझ्या कढईत साधारण चार-पाच मिनिटं लागतात. तुमची कढई पातळ असेल तर कमी. चाळणीत ओता, मीठ गाळून बरणीत भरा, पुढच्या वेळी तेच वापरा. चिलगोजे पातेल्यात साठवून ठेवायचे नाहीत, ताटात पसरायचे. गरम असताना साल चिवट लागेल, म्हणून परत कढईत ढकलू नका. गार होताना ते खुसखुशीत होतं. वीस मिनिटं दम धरा.

मीठ नको असेल तर नुसत्या कढईत अगदी मंद आचेवर दहा मिनिटं, हात न थांबवता. ओव्हन असेल तर १५० अंशांवर एका थरात आठ-दहा मिनिटं, मधे एकदा ट्रे हलवून. मायक्रोवेव्हच्या वाटेला मी जात नाही. त्यात तेलकट गर आतून तापत जातो, बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. तुमचं कढईत झालं तेच तिथे दुप्पट वेगाने होईल.

सोललेला गर भाजायचा असेल तर तो खेळ निराळा. दोन-तीन मिनिटं, मंद आच, आणि फोन आला तर उचलायचा नाही. मी उचलला होता. नणंदेचा होता, तिला माहिती आहे.

मागच्या हिवाळ्यात आणलेले चिलगोजे डब्यात होते. आता उघडले तर जुन्या तेलाच्या रंगासारखा वास येतोय. परत भाजून घेतले तर चालतील का?
— एक वाचक, कोरेगाव

नाही चालणार. हा वास सादळल्याचा नाही, खवटपणाचा आहे. सादळलेलं भाजून परत कुरकुरीत होतं. खवट झालेलं तेल काही केलं तरी गोड होत नाही, भाजलं तर वास उलट घरभर होतो. टाका. मला माहिती आहे हात धजत नाही. मी पण एकदा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जूनपर्यंत ठेवले होते. साताऱ्याचा पाऊस, यवतेश्वराकडून आलेलं ढग खिडकीतून स्वयंपाकघरात. श्रावणात डबा उघडला आणि लगेच बंद केला. त्यातले थोडे चिवड्यात खपवायचा प्रयत्न केला, तर अख्खा चिवडा गेला. एक चूक झाकायला दुसरी.

शंकू निघतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नवा माल दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो. तेव्हाच घ्या, आणि संक्रांत-होळीपर्यंत संपतील एवढेच घ्या. दुकानात एक बी फोडून चाखल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. राहिले तर सालासकटच ठेवा, साल हेच त्याचं झाकण. हवाबंद डबा, डबा फ्रिजमध्ये. फार दिवस ठेवायचे असतील तर फ्रीझरमध्ये. काढल्यावर डबा लगेच उघडू नका, बाहेरच्या उष्णतेला आला की मग उघडा, नाहीतर आत दव धरतं. सोललेला गर फ्रिजमध्येसुद्धा महिनाभरापेक्षा जास्त मी ठेवत नाही.

ऑनलाइन मागवलेले सोललेले पाइन नट्स दोन मुठी खाल्ले. दोन दिवसांनी चहा, भाजी, पाणीसुद्धा कडू लागायला लागलं. तोंडात पैसा ठेवल्यासारखी चव. आज सहावा दिवस. घरचे म्हणतात पित्त झालंय. हे त्या बियांमुळे असू शकतं का?
— एक वाचक, सांगली

असू शकतं. याला इंग्रजीत ‘पाइन माउथ’ असंच नाव आहे. खाल्ल्यावर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी सुरू होतं, खाल्लेलं विसरायला होतं तोवर. म्हणूनच लोक पित्ताला, यकृताला, जेवणातल्या तेलाला दोष देत बसतात. काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही टिकतं आणि आपोआप जातं. त्यावर औषध नाही. बोट दाखवलं जातं ते मुख्यतः चीनमधल्या आर्मंडी पाइनच्या बियांकडे. त्या बुटक्या, मळकट पांढऱ्या असतात आणि सोललेल्या पाकिटात इतर पाइन नट्समध्ये मिसळून येऊ शकतात. सोललेली बी कोणत्या झाडाची, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. मी सालासकट लांब चिलगोजेच घेते, त्याचं हेही एक कारण.

ते पाकीट बाजूला ठेवा, फेकूच नका. पुरवठादाराला कळवायचं असेल तर पाकिटावरचा बॅच क्रमांक लागेल. तोवर गोड-आंबट खा, कडवटपणा त्यात जरा लपतो. पण अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, धाप लागली, घशात आवळल्यासारखं झालं, तर ती ॲलर्जी, कडू तोंड नाही. मग थांबायचं नाही, तडक दवाखाना. आणि हा कडूपणा महिनाभरात गेला नाही तरी डॉक्टरांना दाखवा. काकूच्या सदरावर अवलंबून राहू नका.

मी सातवीत आहे. आमच्या पाचगणीत एका बंगल्याच्या आवारात उंच झाडं आहेत आणि खाली छोटे शंकू पडतात. त्यात चिलगोजे मिळतील का?
— एक विद्यार्थिनी, पाचगणी

शाब्बास, विचारलंस ते बरं केलंस. आधी झाड ओळखू. खाली पडलेली हिरवी सुईसारखी काडी उचल आणि दोन्ही टोकं धरून हळू ओढ. मधेच सांध्यावर सुटली आणि परत जोडल्यासारखी बसवता आली, तर ते सुरूचं झाड. त्याचे शंकू बोराएवढे. सुरू दिसतो पाइनसारखा, पण त्याचा पाइनशी काही संबंध नाही. सुई सांध्यावर सुटली नाही, दोन-तीन-पाच सुया बुडाशी एकत्र बांधलेल्या निघाल्या, तर पाइन.

पाइन निघालं तरी फार आशा धरू नकोस. जगात पाइनच्या शंभरावर जाती आहेत, त्यांतल्या वीसेक जातींच्याच बिया काढून खाण्याइतक्या मोठ्या असतात. बाकीच्यांच्या बिया बारीक, पापुद्र्यासारखा पंख लावलेल्या, वाऱ्यावर उडायला केलेल्या. चिलगोज्याच्या बीचा पंख जवळजवळ नसल्यासारखाच, ती जड, ती उडणार कशी? तिला पक्षी नेतात. आणि चिलगोजा पाइन वाढतो साधारण १८०० मीटरच्या वर, जिथे आपल्यासारखा मुसळधार पाऊस पोचत नाही अशा खोऱ्यांत. तुमच्या पाचगणीचा पाऊस त्याला सोसणार नाही. त्याचा शंकू पिकायला दुसरं वर्ष लागतं. झाडावर चढून तो उघडायच्या आत काढतात, ढीग घालून ठेवतात, खवले उघडले की बिया झटकतात. महाग का, ते यात आलं. आणि सगळेच शंकू काढून घेतले तर नवी झाडं उगवायला बीच उरत नाही, ही तिकडची मोठी काळजी आहे.

तू ते शंकू वाळवून तोरण कर. आणि फोटो पाठव.

चिलगोजे घालून काय काय करता येईल? शिरा, चिक्की, चटणी? तुमच्या खास पाककृती द्या ना.
— एक वाचिका, तासगाव

खास पाककृती म्हणजे ताटली, अडकित्ता, आणि समोर बोलायला माणूस. रागावू नका. पण चिलगोज्याची चव अगदी हळू आवाजातली आहे. चिक्कीत गूळ तिला गप्प करतो, चटणीत लसूण. मी दोन्ही करून पाहिलंय. शेंगदाण्याची चिक्की याहून चांगली लागते आणि पैसेही वाचतात.

जिथे चव टिकते ते सांगते. जिरेभात किंवा साधा तुपातला भात, वरून तुपात अर्धा मिनिट परतलेला गर आणि तुमच्या तासगावचा बेदाणा. बेदाणा तुपात फुगला की लगेच भातावर, दोघांचं छान जमतं. पालकाची कोरडी भाजी, लसूण न घालता, वरून मूठभर. आणि दूध. दहा-बारा गर थोड्या कोमट दुधात अर्धा तास भिजवून वाटायचे आणि त्या वाटणाची तांदळाच्या कण्यांबरोबर पातळ पेज करायची, चिमूटभर मीठ घालून. कोरियात पाइन नट्स आणि तांदळाची अशी पेज आजाऱ्याला देतात. वेलची घालायचा मोह होईल, आवरा. इटलीत तुळशीच्या जातीच्या पानांबरोबर वाटून पेस्टो करतात हे तुम्हाला माहीत असेलच. माझी सून करते, बरी लागते, तिच्यासमोर मी ‘छान’ म्हणते.

लहान मुलांना, चार-पाच वर्षांच्या आतल्या, अख्खा गर देऊ नका. ठसका लागतो. कुटून द्या.

एवढे महाग आहेत तर चिलगोज्याऐवजी चारोळी चालेल का? आणि रोज किती खावेत?
— एक वाचक, फलटण

बासुंदीत, श्रीखंडावर चारोळीच हवी, तिथे चिलगोजा घालू नका. भातात चारोळी चालेल, फक्त खवट नाही ना बघा, चारोळी त्याबाबतीत याहून बदमाश. किलोला काही हजार मोजून आणलेली वस्तू ‘रोज’ खायची नसते, पण विचारलंत म्हणून सांगते, सोललेले पंधरा-वीस पुरे. पाइन नट्सच्या १०० ग्रॅममध्ये पावणेसातशेच्या आसपास कॅलरी. साखर, वजन, पथ्य काही असेल तर डॉक्टरांना विचारून.

सासरे निवृत्त सुभेदार आहेत, वय ८१. तरुणपणी हिमाचलात होते. तुमचा दिवाळीचा लेख वाचल्यापासून चिलगोजे आणा म्हणून मागे लागलेत. पण दात नाहीत, कवळी बसत नाही. आणले तर खाणार कसे, आणि नाही आणले तर रुसून बसतात. काय करू?
— एक सून, सातारा

आणा. पावशेरच आणा, पण सालासकट आणा.

वर सांगितलेली पेज त्यांना चालेल. नाहीतर भाजलेला गर खलबत्त्यात अगदी बारीक कुटून कोमट दुधात. कुटायच्या आधी सोललेला, हे विसरू नका, आमच्या सासूबाईंचं वर वाचलंतच. गराचे तुकडे राहता कामा नयेत, पीठ व्हायला हवं, नाहीतर घशात अडकेल. दात असलेल्यांनाही या वयात मी अख्खे देत नाही.

पण सोलून आयती वाटी त्यांच्यापुढे ठेवू नका. आमचे हे आता ७४ वर्षांचे. दुपारी ओट्यावर, म्हणजे स्वयंपाकघराच्या नाही, दारच्या ओट्यावर, उन्हाला पाय सोडून बसतात. मांडीवर वर्तमानपत्र, एका बाजूला कढईतून काढलेले चिलगोजे, एका बाजूला वाटी. टक्, उकल, वाटीत. टक्, उकल, तोंडात. मधेच पूहच्या थंडीचं काहीतरी सुरू होतं, पाणी बादलीत गोठायचं ते, आणि ते मी इतक्या वेळा ऐकलंय की चुकलं तर दुरुस्त करते. तुमच्या सासऱ्यांच्या हातात तेवढी ताकद नक्की असेल. सुपारी कातरणारे असतील तर अडकित्ता त्यांचाच असेल, नवा आणू नका. धार फार असेल तर मात्र एकदा दगडावर फिरवून थोडी मारून घ्या, या वयात बोट कापलं तर भरून यायला वेळ लागतो.

सालं फेकू नका, चुलीत नाहीतर बंबात टाका, राळेमुळे छान पेटतात.